वाद्यात वीज आली, कारागिराचे काय?

लग्नाचा मांडव असो, उरुसातील कव्वालीची मैफल असो की अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सव असो, तारेच्या वाद्याची एक अडचण सगळीकडे सारखीच आहे. ढोलकी आणि हार्मोनियम शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात. तारेचे वाद्य मात्र गर्दीत बुडून जाते. समोर माईक ठेवला तर शेजारच्या तबल्याचा आवाजही त्यात शिरतो, आणि आवाज थोडा वाढवला की भोंग्यातून शिट्टी सुरू होते. या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे बाजारात एका नव्या जातीची गिटार आली आहे. ती लाकडाच्या पोकळीतूनही वाजते आणि विजेवरही वाजते. धंद्यात तिला हायब्रिड गिटार म्हणतात; आपण तिला मिश्र गिटार म्हणू.

अशी गिटार महाग असते आणि तालुक्याच्या गावी ती रोज विकली जाणार नाही, हे खरे आहे. तरीही आपल्या सुतार, वाद्यदुरुस्ती करणाऱ्या, रेडिओ मेकॅनिक आणि साउंड सर्व्हिसच्या धंद्यातील बांधवांनी तिची माहिती करून घेणे आवश्यक आहे. या वाद्यात हाताचे काम मोठे असते आणि विजेचे काम त्या मानाने थोडे. परंतु ते थोडे काम ज्याला येते, तोच गिऱ्हाइकाशी बोलतो, भाव ठरवतो आणि वाद्यावर आपले नाव घालतो. ते ज्याला येत नाही, तो नुसते लाकूड तासून देणारा मजूर ठरतो.

बेंजो आपल्या ओळखीचा

तारेच्या वाद्याला वीज जोडणे आपल्याकडे नवे नाही. वरातीत वाजणारा आणि कव्वालीच्या साथीला बसणारा बेंजो आठवा. त्याचे मूळ नाव बुलबुल तरंग. जपानमधील नागोया शहरात १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचे वाद्य तयार झाले. त्याला तारा होत्या आणि टाइपरायटरसारख्या कळा होत्या. त्याचेच रूप पुढे आपल्या देशात रुजले. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, वायर काढून अँप्लिफायरला जोडली आणि साध्या पेटीसारखे हे वाद्य रस्ता गाजवू लागले. यासाठी कोणी परदेशातून तज्ज्ञ बोलावला नव्हता. गरज समोर आली आणि हुनर कामी आले.

आवाज पकडण्याचे दोन मार्ग

मिश्र गिटार समजून घ्यायची तर पिकअपचे दोन प्रकार नीट समजले पाहिजेत.

पहिला प्रकार लोहचुंबकाचा. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. त्यावर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. या तत्त्वावरची गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही गिटार १९३६ मध्ये बाजारात आली आणि चालली. या पिकअपला लाकडाची आस फारशी कळत नाही, त्याला तारच कळते. तीही पोलादाचीच. पितळी किंवा ब्राँझची तार त्याच्यापुढे कितीही छेडली तरी तो जवळजवळ बहिरा राहतो.

दुसरा प्रकार दाबाचा, त्याला पायझो म्हणतात. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यातून वीज निघते, हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. असा तुकडा घोडीखाली किंवा लाकडाला चिकटवून बसवला की लाकडाची थरथर थेट विजेत उतरते. तार कोणत्या धातूची आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मात्र त्यातून निघणारी वीज अगदी दुबळी असते. तो सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला तर खालचे सूर गळून जातात आणि आवाज पत्र्यासारखा लागतो. म्हणून मध्ये प्रीअँप नावाचे छोटे सर्किट आणि त्यासाठी बॅटरी लागते. आपल्या साउंड सर्व्हिसवाल्यांना वाद्य खराब आहे असे अनेकदा वाटते, तेव्हा दोष पुष्कळ वेळा या जोडणीत असतो. चांगली शिल्डेड वायर आणि योग्य प्रीअँप एवढ्यानेही निम्मे काम होते.

नव्या गिटारमध्ये नवे काय?

दोन्ही पिकअप एकाच गिटारमध्ये घालण्याची कल्पना जुनी आहे. १९९३ मध्ये आलेल्या पार्कर फ्लाय या गिटारमध्ये चुंबक आणि पायझो दोन्ही होते. परंतु ती मुळात विजेवरची गिटार होती. २०१९ मध्ये फेंडर या अमेरिकन कंपनीने अकूस्टासॉनिक टेलिकास्टर आणली, तेव्हा मिश्रण खऱ्या अर्थाने पुरे झाले. तिचे अंग महोगनीचे आणि आतून पोकळ, वरची पाटी स्प्रूसची, आणि आवाज पकडायला तीन जागा: घोडीखाली पायझो, पाटीला चिकटवलेला एक कान आणि तारांखाली चुंबक. एका बटणाने दोन आवाज हवे तसे मिसळता येतात. हळुवार गाण्याला लाकडाचा आवाज, जोरकस गाण्याला विजेचा, असे एकाच गिटारवर भागते. अंग पातळ असल्याने शिट्टीही कमी होते.

वीज न जोडता वाजवली तर मात्र पूर्ण आकाराच्या लाकडी गिटारचा भरदारपणा तिच्यात मिळत नाही. पातळ अंगाची ती किंमत आहे. लाकडी म्हणून ऐकू येणाऱ्या आवाजाचा बराच भागही सर्किटने घडवलेला असतो. बॅटरी संपली तर ऐन कार्यक्रमात पंचाईत होते, हे वेगळेच.

व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे अशा दोन गोष्टी येथे आहेत. फेंडरने लाकूडकाम स्वतःकडे ठेवले आणि सर्किटसाठी फिशमन या त्या कामातील जाणकार कंपनीला बरोबर घेतले. तसेच पहिल्या गिटारची किंमत सुमारे २,००० डॉलर होती. २०२१ मध्ये मेक्सिकोत बनलेली साधी आवृत्ती सुमारे १,२०० डॉलरला आली. म्हणजे नवी वस्तू आधी श्रीमंताकडे जाते आणि मग झपाट्याने खाली येते. ती आपल्या बाजारात उतरेल तेव्हा आपली तयारी हवी.

मिरजेचा धडा

महाराष्ट्रात तारेच्या वाद्यांचे सर्वांत मोठे केंद्र मिरज आहे. मराठी मुलखात गवयाच्या मागे दिसणारा तंबोरा बहुधा तिथलाच असतो. हा धंदा उभारणारे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे मुस्लिम कारागीर. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या फौजा आणि शस्त्रे कमी झाली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे स्वतः वाद्ये घडवली. धंदा बुडाला म्हणून हात बांधून न बसता, तेच हात दुसऱ्या कामाला लावले. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि वाद्यांना जाणकार कानांची कसोटी मिळाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या धंद्याला विजेचा धक्काही बसला आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली आणि आता तर मोबाइलमध्येही तंबोरा मिळतो. सितारीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिक सितार विकायला आली. ती मुळात गिटारच होती. घोडी रुंद करून तारेला सितारीसारखी झणझण आणली होती. सितार हे नाव मात्र कंपनीने वापरले, आणि ज्यांनी ते नाव मोठे केले त्या सितारकारांना त्या व्यापारात जागा नव्हती.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले आहेत. मुंबईचे सितारवादक नीलाद्री कुमार यांनी सितारीच्या तारा कमी करून आणि पिकअप जोडून झिटार तयार केली. प्रवासात भोपळा फुटू नये म्हणून चपट्या अंगाची, पिकअप बसवलेली सितारही बनते.

सितारीला पिकअप बसवणे गिटारपेक्षा अवघड आहे. तिच्या बाजाच्या आणि तरफेच्या तारा पोलादी, पण जोडाची तार ब्राँझची. नुसता चुंबक बसवला तर जोडाची तार ऐकू येणार नाही. पायझो बसवावा तर घोडी तबलीवर पायांनी उभी असते. तुकडा चुकीच्या जागी चिकटला तर जवारीची झणझण किरकिर होऊन बाहेर पडते. जागा शोधायला कान लागतो, आणि जवारी काढणारा कारागीरच ती शोधू शकतो. सर्किट विकत मिळते, जवारी विकत मिळत नाही. सौदा करताना कारागिराने हे विसरू नये.

अंबडच्या बाजारात काय करता येईल?

दुरुस्तीपासून सुरुवात करावी. पायझोची साधी चकती दहा-वीस रुपयांपासून मिळते. ती जुन्या वाद्यावर आधी तात्पुरती चिकटवून जागा तपासावी, मगच पक्की करावी. गिऱ्हाइकाच्या चांगल्या वाद्याला पहिल्याच दिवशी भोक पाडू नये.

दुसरे म्हणजे भागीदारी करावी. सुताराला सर्किट कळत नाही आणि मेकॅनिकला लाकूड कळत नाही. दोघे एकाच गल्लीत बसतात, पण एकमेकांच्या दुकानात जात नाहीत. फेंडरसारख्या कंपनीला जोडीदार लागला, तर आपल्याला का लागू नये? वाटा मात्र आधीच ठरवून कागदावर लिहावा.

तिसरे, बोली साफ ठेवावी. वरून चकती चिकटवलेल्या वाद्याला मिश्र वाद्य म्हणून चढा भाव लावू नये. पिकअप कोणता, प्रीअँप आहे की नाही, बॅटरी किती दिवस चालेल, हे बिलावर लिहावे. मानांकनाचे नावही नोंदणीतील वर्णनात बसणाऱ्या वस्तूलाच आणि नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येते.

चौथे, कराची चौकशी आधी करावी. यादीत असलेल्या, हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना २०१७ पासून जीएसटीची सूट आहे. परंतु ज्यांचा आवाज विजेवर निर्माण होतो किंवा वाढवावा लागतो, ती वाद्ये करवर्गीकरणात ९२०७ या वेगळ्या शीर्षकाखाली येतात. पिकअप बसवलेले वाद्य विकण्यापूर्वी ते कोणत्या बाजूला पडते, हे कर सल्लागाराला विचारून घ्यावे. नाहीतर नफा नोटिशीत जाईल.

तलवारीची धार काढणाऱ्यांनी तार सुरात लावायला शिकले, तेव्हा त्यांनी आपली कानस फेकून दिली नव्हती. तीच कानस घोडीवर चालवली. आज त्या कानशीशेजारी सोल्डरिंग आयर्न ठेवायची वेळ आली आहे. दुकानात तेवढी जागा निश्चितच आहे.