हळकुंडं काट्यावर, आकडे डेटाबेसात

उन्हाळा लागला की हिंगोलीच्या मोंढ्याबाहेर हळदीच्या गाड्यांची रांग लागते. त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहतेय. तिथला माल आकड्यांचा असेल. आणि तो थोडाथोडका नसेल.

दिवसाला 141 कोटी! लायगोची अमेरिकेतली यंत्रं चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीतला फरक सेकंदाला 16,384 वेळा टिपतात. गुणाकार करून बघा, जवळपास देशाच्या डोक्यांइतक्या नोंदी रोज. ही झाली एकटी मुख्य वाहिनी. 14 सप्टेंबर 2015ला सापडलेली पहिली गुरुत्वीय लहर या ढिगात होती जेमतेम 0.2 सेकंदांची.

लायगो कच्च्या नोंदी फाइलींत ठेवते. पण समजा, असा ढीग दहा-वीस संगणकांवर पसरलेल्या डेटाबेसात ओतायचाय. एकेक नोंद घालत बसणं म्हणजे एकेक हळकुंड काट्यावर ठेवणं. कट्टेच्या कट्टे चढवायला हवेत. एचबेस नावाच्या डेटाबेसात तर सगळा माल बाहेरच क्रमाने लावून त्याच्या साच्यातल्या तयार फाइली बनवतात आणि अख्ख्या आत सरकवतात. शिजवून, वाळवून, पॉलिश करून, कांडी-गट्टू वेगळे करून हळद आणावी तसं. खरी मेहनत घरीच उरकलेली!

इंडेक्सही बरेच जण माल उतरल्यावरच बांधतात. दर कट्ट्यागणिक खतावणी कोण लिहिणार?

खरी गंमत पुढे आहे. नोंदींचा क्रम वेळेनुसार लावला, तर ताज्या नोंदी एकाच संगणकावर आदळतात. एका काट्यावर झुंबड आणि बाकीचे हमाल तंबाखू मळत बसलेले! उतारा म्हणून प्रत्येक नोंदीच्या किल्लीपुढे एखादा जास्तीचा आकडा चिकटवून माल विखुरतात. याला इंजिनिअर म्हणतात ‘सॉल्टिंग’, म्हणजे चक्क मीठ लावणं. पण मग एका तासाच्या नोंदी हव्या असल्या तरी सगळ्या संगणकांची दारं ठोठावावी लागतात. मीठही बेतानंच.

आणि माल तारेतून जाईना, तर? ट्रक! अमेझॉनने 2016 साली 45 फुटी कंटेनर आणला, पोटात 100 पेटाबाइट. सेकंदाला 10 गिगाबिटच्या लाइनवर तेवढ्याला अडीच वर्षं लागतील.

2017 साली कृष्णविवर टिपणाऱ्या दुर्बिणींच्या नोंदींनी भरलेल्या डिस्कही अशाच, विमानाने गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या मात्र हिवाळा सरेपर्यंत तिथेच अडकल्या, कारण विमानच जात नव्हतं.