समजून घ्या : पावसाळ्यातला ‘गोल्डन अवर’ मुंबईत अर्ध्या तासाचाच, मोबाइलमध्ये तो रंग का हरवतो?

दिवसभर कोसळलेला पाऊस सायंकाळी थांबतो, पश्चिमेला ढगांत फट पडते आणि मरीन ड्राइव्ह सोनेरी होतो. मोबाइल सरसावतात. फोटोत मात्र तोच रंग फिका, पांढुरका उतरतो. असे का होते?

प्रकाश सोनेरी का?
मावळत्या सूर्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. निळा रंग वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. ओला रस्ता तोच प्रकाश आरशासारखा परावर्तित करतो.

वेळ किती?
‘अवर’ नावालाच. मुंबई विषुववृत्ताला तुलनेने जवळ असल्याने इथे सूर्य झपकन खाली उतरतो. जूनमध्ये क्षितिजावरचे शेवटचे ६ अंश उतरायला त्याला सुमारे अर्धा तास लागतो. लंडनमध्ये सुमारे ५० मिनिटे. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे पावणेसातला जागेवर हवे.

उभे कुठे राहायचे?
जूनअखेर सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. त्यामुळे चर्चगेटसमोरून तो मलबार हिलआड जातो. नरिमन पॉइंटच्या टोकावरून समुद्रात बुडताना दिसतो. मागे वळूनही पाहा. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या आर्ट डेको इमारतींवर तेव्हा थेट ऊन असते. पूर्वेला सर असेल तर इंद्रधनुष्यही तिथेच उमटते.

मोबाइल कुठे चुकतो?
‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ हा पिवळेपणा दोष समजून पुसून टाकतो. त्यावर उपाय :

• प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५,५०० ते ६,००० केल्विनवर ठेवा.
• प्रो मोड नसल्यास उजळ ढगावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड थोडा कमी करा.
• प्रत्येक फोटोआधी लेन्स सुती कापडाने पुसा.
• ‘आयपी ६८’ची चाचणी गोड्या पाण्यात होते. खारे तुषार उडाले तर फोन लगेच पुसा.

धोका कधी?
साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. मुंबईत अशी भरती साधारण दुपारी येते आणि सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते. पाणी मागे हटल्याने टेट्रापॉड उघडे पडतात आणि चांगल्या फोटोसाठी खाली उतरण्याचा मोह होतो. पण ते शेवाळलेले असतात. पाय घसरला तर माणूस दोन टेट्रापॉडच्या फटीत अडकतो आणि पावसाळी लाट ओहोटीतही तिथवर पोहोचते.

सोनेरी उजेड कठड्याच्या अलीकडेही तेवढाच पडतो. फोटो तिथूनच काढा.