सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाला ‘शिक्षा’!

उज्जैनला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंसाठी केलेली एक मिनिटाची चित्रफीत परवा आमच्या पाहण्यात आली. क्षिप्रेचा घाट, सायंकाळची आरती आणि त्यावर गोड आवाजातले निवेदन. सारे सुरेख चालले असताना तो आवाज म्हणाला, ‘याच सांदीपनी आश्रमात भगवान श्रीकृष्णांनी शिक्षा प्राप्त केली.’ आम्ही दचकलोच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. बलराम-सुदाम्यासह गुरुगृही शिकलेल्या कृष्णाला एका शब्दाने छड्या खाव्या लागल्या!

चित्रफीत करणारा तरुण तिथल्याच मराठी घरातला. आम्ही विचारले, तेव्हा त्याने आढेवेढे न घेता सांगितले, “मजकूर चॅटबॉटकडून लिहून घेतला. घरात मराठी बोलतो, पण शाळा हिंदीत झाली. लिहिण्याची सवय नाही.”

त्याला हसावे असे आम्हाला वाटले नाही. सीमाभागात राहणाऱ्यांनी तर मुळीच हसू नये. उज्जैन हे काही मराठीला परके गाव नव्हे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. तिथले गोपाळ मंदिर बांधणारी बायजाबाई शिंदे आमच्या शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातली. गजानन माधव मुक्तिबोध उज्जैनच्या शाळेत शिकले आणि हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी. एकाच घरात दोन भाषा अशा नांदल्या. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७ मध्ये जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर यांचीही कर्मभूमी उज्जैनच. पण राज्य गेले, कचेऱ्यांतली मोडी गेली, मराठी शाळा आटल्या आणि भाषा उरली ती स्वयंपाकघरात व देवघरात.

आता त्या घरातला नातू मोबाइल हाती घेऊन पुन्हा मराठीत काही करू पाहतो आहे, ही आनंदाचीच गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून उज्जैनची गर्दी वाढली. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. दर्शन कसे घ्यावे, भस्म आरतीची नोंदणी कशी करावी, हे मराठीतून सांगणाऱ्याला प्रेक्षक मिळणारच. रोज एक चित्रफीत द्यायची तर रोज मजकूर हवा. तिथे चॅटबॉट कामाला येतो.

हे यंत्र करते तरी काय? त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो आणि एका शब्दामागे बहुधा कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत ते लिहिते. वाचलेल्यात इंग्रजी डोंगराएवढी, मराठी मूठभर. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत. मराठीवर लाखाच्या आसपास. आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा आणि यंत्रापुढे पान असे अर्धे रिकामे! मग ते शेजारच्या हिंदीतून उसनवारी करते. लिपी एकच, त्यामुळे उसना शब्द चटकन ओळखूही येत नाही. शिक्षा, चेष्टा, संसार: अक्षरे तीच, अर्थ वेगळे.

आम्ही स्वतःही करून पाहिले. एका चॅटबॉटला उज्जैनवर मराठीत एक मिनिटाचे निवेदन मागितले. पहिल्याच ओळीत ‘हा मंदिर’ आला. पुढे महाकालेश्वराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्यादेवींना दिलेले. चूक दाखवताच यंत्राने नम्रपणे क्षमा मागितली. मग आम्ही मुद्दाम एक खोटे नाव सांगितले, तर तेही त्याने तितक्याच नम्रपणे मान्य केले! पेच इथेच आहे. यंत्राला आपले म्हणणे खरे की खोटे याची चाड नाही. ती लिहून घेणाऱ्यालाच असावी लागते.

मात्र दुसऱ्या खेपेला आम्ही आधी टिपणे दिली. नावे, सन, ठिकाणे आमची. मांडणी तेवढी त्याची. तेव्हा काम बरे झाले. लांबलेले निवेदन त्याने तीस सेकंदांत बसवले, पाच मथळे सुचवले, कोणते दृश्य कुठे घ्यावे हेही सांगितले. म्हणजे यंत्राला कारकून करावे, पुराणिक करू नये. वेळा, दर, नोंदणीचे नियम मंदिर समितीकडूनच घ्यावेत. चुकीच्या वेळेवर विसंबून नाशिक-सोलापूरहून आलेले कुटुंब पहाटे चार वाजता ताटकळत उभे राहिले, तर त्याचे पाप यंत्राला लागत नाही.

आणखी एक मोह आहे. मंदिरात मोबाइल नेण्यास डिसेंबर २०२२ मध्ये बंदी झाली. मग गाभाऱ्याचे दृश्य यंत्राकडूनच काढून घ्यावे, असे वाटते. भाविक ते खरे समजून हात जोडतो. खऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम दृश्य असेल तर तसे सांगावे, असा नियम यूट्यूबने मार्च २०२४ पासून केला आहे. नियम नसता तरी सांगणे हेच सचोटीचे.

कोणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला? आमचीही मराठी कानडी वळणाची आहे, माळव्याची हिंदी वळणाची. ती वळणे माणसांनी एकमेकांत राहून, बाजारहाट करून घडवली आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. यंत्राची चूक तशी नाही. ती कुणाच्याच तोंडची भाषा नव्हे. आज अशा हजार चित्रफिती निघाल्या, तर उद्याचे यंत्र त्याच वाचून शिकेल आणि तीच मराठी म्हणून आपल्या नातवंडांना शिकवील. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आपण आनंद केला. पण दर्जाच्या कागदाने यंत्राचे मराठी सुधारणार नाही. ते सुधारेल आपण चांगला मजकूर लिहून ठेवला तर: गावाचा इतिहास, ओव्या, पाककृती, आजोबांच्या आठवणी. बेळगावात, निपाणीत आणि उज्जैनमध्येही.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सुचवले, की मजकूर आवाजात भरण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचावा. आठवड्याने त्याचा निरोप आला. आजीला वाचून दाखवायला लागलो आहे, म्हणाला. सांदीपनीची चित्रफीत त्याने काढून टाकली आणि नवी केली. तीत कृष्ण विद्या शिकतो. हा शब्द आजीने दिला.