झाडाचे अंगचे बळ

जाईच्या सुगंधातील एक द्रव्य पिकांचा राखणदार आहे, हे प्रथमदर्शनी खरे वाटणार नाही. परंतु १९९० साली अमेरिकेत एडवर्ड फार्मर व क्लेरन्स रायन यांनी दाखवून दिले, की मिथाइल जास्मोनेटच्या नुसत्या बाष्पाने टोमॅटोच्या पानांत अळीचे पचन बिघडविणारी प्रथिने तयार होतात. पान कुरतडले जाताच त्याच कुळातील संप्रेरक झाड स्वतःच निर्माण करते.

या संरक्षणापायी झाडाची वाढ मंदावते. तेव्हा हा रामबाण नव्हे. म्हणून विष हाच उपाय, असेही नव्हे. कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून फवारलेल्या एंडोसल्फानचे भोग तेथील माणसे अद्याप भोगीत आहेत. काजू आमच्या गोव्याचेही पीक आहे. झाडाचे हे अंगचे बळ जोपासण्याची विद्या कृषिसंशोधकांनी बागायतदाराच्या दारी न्यावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.