शल्यवैद्याच्या खिशातील गणक

त्वचा मोठ्या प्रमाणावर भाजली म्हणजे इजा त्वचेपुरती राहत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्ताचे आकारमान घटते आणि वेळीच उपचार न झाल्यास रुग्ण दगावण्याचा संभव असतो. म्हणून शिरेवाटे क्षारयुक्त द्रावण देणे अत्यावश्यक ठरते. ते किती व कोणत्या वेगाने द्यावे, हा हिशेब मात्र धावपळीतच करावा लागतो. त्यासाठी आता अनेक शल्यवैद्य स्मार्टफोनवरील ॲपचे साहाय्य घेतात.

हिशेबाची रीत जुनीच आहे. प्रथम शरीराचा शेकडा किती भाग भाजला, हे ठरवितात. प्रौढाचे डोके व मान मिळून ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढील व मागील बाजू प्रत्येकी १८ आणि जननेंद्रियांचा भाग १, असा ‘नऊचा नियम’ वॉलेस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. बालकांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे त्यांच्यासाठी लंड व ब्राउडर यांचा १९४४ चा वयवार तक्ता वापरतात.

त्यानंतर अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र लावतात. वजनाचे किलोग्रॅम, भाजल्याची टक्केवारी आणि ४ यांचा गुणाकार केला असता २४ तासांत द्यावयाच्या द्रावणाचे मिलिलिटर मिळतात. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ३० टक्के भाजला असेल, तर हे प्रमाण ७,२०० मिलिलिटर होते. त्यातील निम्मे पहिल्या ८ तासांत द्यावयाचे असते. परंतु हे तास भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. रुग्ण २ तासांनी रुग्णालयात पोहोचला, तर ३,६०० मिलिलिटर द्रावण उरलेल्या ६ तासांत, म्हणजे ताशी ६०० मिलिलिटर या वेगाने द्यावे लागते.

ब्रिटनमध्ये तयार झालेले ‘मर्सी बर्न्स’ हे ॲप याच कामासाठी आहे. पडद्यावरील मानवाकृतीवर भाजलेला भाग बोटाने रंगवावयाचा आणि वय, वजन व भाजल्याची वेळ भरावयाची. टक्केवारी व द्रावणाचे प्रमाण ॲप स्वतः काढते.

तथापि त्वचा कोठे व किती खोल भाजली, हे ॲपला दिसत नाही. केवळ लालसर झालेली त्वचा हिशेबात धरावयाची नसते. ती चुकून धरल्याने वरील उदाहरणात ३० ऐवजी ४० टक्के नोंद झाली, तर गुणाकार अचूक असूनही उत्तर ९,६०० मिलिलिटर येईल. अतिरिक्त द्रवाने शरीरास सूज येऊन श्वसनासही बाधा पोहोचू शकते. यासाठी सूत्राचे उत्तर केवळ आरंभापुरते मानतात. पुढे दर तासाचे मूत्र मोजून द्रावणाचा वेग कमीअधिक करतात. प्रौढात ते दर किलोग्रॅम वजनास ताशी सुमारे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या रुग्णात ३० मिलिलिटर असावे.

उपचार ज्यावर अवलंबून आहे, असे ॲप हे वैद्यकीय उपकरणच होय. भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाच्या सॉफ्टवेअरचा समावेश कायद्याने वैद्यकीय उपकरणांत झाला आहे. आकडेमोडीचा भार यंत्राने उचलला, तरी रुग्णास तपासून योग्य आकडे भरण्याचे आणि उत्तर पडताळण्याचे काम शल्यवैद्याकडेच राहते.