दीर्घिकांचे चुंबकत्व
कर्जत-खालापूरचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. तो निवताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. त्यामुळे आज तो दगड तपासून ती वाचता येते. दीर्घिकेचा दगड मात्र हाती येत नाही. मग तिचे चुंबकत्व कसे मोजायचे, असे मला विचारतात.

तिथली नोंद रेडिओलहरींत असते. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन या लहरी सोडतात. त्यांच्या कंपनाला विशिष्ट दिशा असते. वाटेत विद्युतभारित वायू आणि चुंबकीय क्षेत्र लागले, की ती दिशा वळते. लहर जितकी लांब, तितकी अधिक. हे वळण मोजून क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. प्रकाशाचे असे वळणे मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये प्रयोगशाळेत पाहिले होते.

सह्याद्रीपलीकडे, नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दीर्घिकांतून आणि दीर्घिकासमूहांतल्या तप्त वायूतून येणाऱ्या लांब लहरी ती टिपते. दीर्घिकेतले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम एक लाखांश असते. तरीही वायूचे ढग आकुंचन पावून तारे जन्मतात, त्या क्रियेवर त्याचा प्रभाव पडतो. आपला सूर्यही अशाच ढगातून जन्मला. म्हणून या क्षीण चुंबकत्वाचा अभ्यास मला मोलाचा वाटतो.