रुग्णालयांचा कचरा आणि पंचगंगेचा पूर

रुग्णालय हे रोग बरे करण्याचे स्थान. तेथूनच रोगाचा प्रसार व्हावा यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. जखमांवरील कापूस व पट्ट्या, वापरलेल्या सुया, रक्ताच्या पिशव्या, प्रयोगशाळेतील नमुने हे सारे रोगजंतूंचे वाहक ठरू शकते. गुजरातमध्ये मोडासा येथे 2009 साली ‘ब’ प्रकारच्या काविळीची जी साथ उद्भवली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सुया व सिरिंज यांचा फेरवापर होता. त्या घटनेने साऱ्या देशाला खडबडून जागे केले.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. 1998 मध्ये पहिले नियम आले आणि 2016 मध्ये त्यांची जागा अधिक काटेकोर नियमांनी घेतली. जाळावयाचे ते पिवळ्या पिशवीत, निर्जंतुक करावयाचे प्लॅस्टिक तांबड्या पिशवीत, सुया व पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात, अशी विभागणी नियमांनी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयांतील सुमारे 85 टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. परंतु उरलेला 15 टक्के त्यात मिसळला की सर्वच कचरा घातक समजावा लागतो. म्हणून विभागणी व्हावयाची ती रुग्णाच्या खाटेजवळच. नंतर झाडूवाल्याने हाताने निवड करावी, ही अपेक्षा अमानुष होय.

कोल्हापूरच्या बाबतीत मात्र या नियमांपलीकडे एक प्रश्न उभा राहतो. प्रक्रिया न केलेला असा कचरा 48 तासांहून अधिक काळ साठवू नये, असा दंडक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये व 2021 च्या जुलैमध्ये नदीने 55 फुटांची मर्यादाही ओलांडली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शाहूपुरी व नागाळा पार्क या भागांत पाणी शिरले. अशा वेळी संकलनाची गाडी दवाखान्याच्या दारी पोहोचावी कशी? आणि तळमजल्यावरील खोलीत ठेवलेल्या पिशव्या पाण्याबरोबर वाहून गेल्या, तर त्या ज्या नदीत जातील तिचेच पाणी खालची गावे पितात, हे विसरून चालणार नाही.

मुदतीहून अधिक साठवण अपरिहार्य ठरल्यास आरोग्यरक्षणाची योग्य दक्षता घ्यावी आणि कारणांसह सक्षम अधिकाऱ्यांस कळवावे, अशी सोय नियमांत आहे. परंतु कळविणे म्हणजे नियोजन नव्हे. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून काही गोष्टी निश्चित केल्या पाहिजेत. साठवणीच्या खोल्या पूररेषेच्या वर असाव्यात. पाणी इशारा पातळीस पोहोचताच, धोका पातळीची वाट न पाहता, सर्व दवाखाने रिकामे करून घेणारी एक जादा फेरी व्हावी. लहान दवाखान्यांसाठी उंचावरील एखाद्या मोठ्या रुग्णालयात कुलूपबंद सामायिक साठवण ठरवून ठेवावी. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास, तो कंत्राटी असला तरी, नियमांनी सांगितलेली काविळीची व धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे.

यास लागणारा खर्च फार मोठा नाही. लागते ती दूरदृष्टी. पूर ओसरल्यावर पंचनामे करण्यात आपली शासनयंत्रणा तरबेज आहे. पूर येण्यापूर्वीचे काम तिने अंगवळणी पाडून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.